फाउंटन ते हुतात्मा चौक : पाडलेल्या वेशीची गोष्ट

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा आणि निवांत वाचा.

वर्षातून दोनदा, १ मे आणि २१ नोव्हेंबरला, टीव्हीवर मुंबईचा हुतात्मा चौक दिसतो. मंत्री येतात, पुष्पचक्र वाहतात, पोलीस सलामी देतात, दोन मिनिटं स्तब्धता. मग निवेदक सांगतो, "संयुक्त महाराष्ट्रासाठी बलिदान देणाऱ्या हुतात्म्यांना अभिवादन करण्यात आलं." पुढची बातमी सुरू होते.

आपल्याकडे गावागावात हुतात्मा स्मारकं आहेत. त्यातली बरीचशी १९४२ ची. तिथे गोळी कुणी घातली हे शाळेतलं पोरसुद्धा सांगतं: इंग्रजांनी. मुंबईच्या हुतात्मा चौकाचं मात्र वेगळं आहे. तिथली माणसं १९५५ आणि १९५६ मध्ये मेली. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, राज्यघटना लागू झाली होती, निवडणूक होऊन गेली होती. गोळी घालणारे पोलीस आपले, त्यांना हुकूम देणारं सरकार आपण निवडून दिलेलं. आपण ज्याला "बलिदान" म्हणतो ते नेमकं काय होतं आणि त्याच चौकात का झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्या जागेपासूनच करायला हवी.

तिथे आधी चौक नव्हता, वेस होती.

कंपनी सरकारच्या काळातली मुंबई म्हणजे तटबंदीच्या आतलं शहर. त्यालाच आपण अजून "फोर्ट" म्हणतो, कोट गेला तरी. या कोटाला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. चर्च गेट हे नाव आतल्या सेंट थॉमस चर्चवरून पडलं. तटाबाहेर मोठं मोकळं मैदान मुद्दाम राखलेलं होतं, त्याला एस्प्लनेड म्हणत. ते खेळायला नव्हतं. शत्रू आला तर तोफेच्या माऱ्यात आडवं काही येऊ नये म्हणून तिथे बांधकाम करू देत नसत. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी जागा आणखी रुंद झाली आणि देशी वस्ती मैदानाच्या पलीकडे वाढत गेली. आत साहेब, पेढ्या, कचेऱ्या. बाहेर काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव. मध्ये मैदान. ही रचना लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागला. शहरात पैसा वाहायला लागला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरनं ठरवलं की आता तटबंदीचा काही उपयोग नाही, पाडून टाका. तट गेला, चर्च गेट गेलं. त्याच दशकात त्या वेशीच्या जागेवर एक कारंजं उभं राहिलं. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाच्या बागवाल्यांच्या संस्थेनं ते बांधवून घेतलं. पैशाचा मोठा भार खरशेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी उचलला. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. नाव आधी फ्रिअरसाहेबाचं द्यायचं चाललं होतं, शेवटी माथ्यावर उभ्या असलेल्या फुलांच्या रोमन देवतेचं राहिलं: फ्लोरा.

एक गंमत अशी, की हे कारंजं मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी होतं. ते तिथे न जाता फोर्टात बसलं. पुढे १९६५ मध्ये इंग्रज राजांचे आणि लाटसाहेबांचे पुतळे दक्षिण मुंबईतून हलवले, तेव्हा काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड राणीच्या बागेत जाऊन पडला. बागेसाठी केलेली देवता चौकात राहिली आणि चौकातला राजा बागेत गेला.

रस्त्यांचंही तसंच झालं. कारंज्याला येऊन मिळणारा हॉर्नबी रोड दादाभाई नवरोजी रोड झाला, एस्प्लनेड रोड महात्मा गांधी रोड झाला, चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमन रोड झाला. लोकांच्या तोंडी मात्र "फाउंटन" राहिलं. आजही जुना टॅक्सीवाला "फाउंटनला सोडू का?" असंच विचारतो.

आता माणसांकडे येऊ.

तट पडला त्याच सुमारास उत्तरेकडे गिरण्या उभ्या राहत होत्या. परळ, लालबाग, भायखळा, वरळी. कोकणातून, घाटावरून माणसं आली, चाळीत दहा-दहाजण एका खोलीत राहिली आणि साच्यावर उभी राहिली. हे गिरणगाव. तिथून फाउंटन काही लांब नाही, सात-आठ किलोमीटर. पण गिरणी कामगाराला फोर्टात काय काम? बँक तिथे, हायकोर्ट तिथे, सरकार तिथे, मालकाची कचेरी तिथे. एरवी तो तिकडे फिरकत नसे. तो मोठ्या संख्येनं फोर्टाकडे निघायचा तेव्हा काहीतरी मोठं घडलेलं असायचं.

पहिली मोठी वेळ १९०८ ची. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो फाउंटनपासून चालत पाच-सात मिनिटांवरच्या हायकोर्टात. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगाव बंद पडलं. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असे सहा दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. हिंदुस्थानातल्या कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप. पगारवाढीसाठी नव्हे, एका माणसाच्या शिक्षेविरुद्ध.

दुसरी वेळ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड केलं. दुसऱ्या दिवशी हे खलाशी फोर्टात फिरले, फाउंटनच्या परिसरात त्यांच्या मिरवणुका निघाल्या, आणि काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे एकत्र फडकले. असं दृश्य त्याआधी क्वचितच दिसलं असेल आणि त्यानंतर तर दिसलंच नाही. काँग्रेस आणि लीग दोघांच्याही नेत्यांनी खलाशांना शरण जायला सांगितलं. पण २२ फेब्रुवारीला मुंबईतल्या कामगारांनी त्यांच्यासाठी संप केला. इंग्रजांनी लष्कर उतरवलं. दोनशेहून जास्त माणसं मेली, त्यातली पुष्कळशी परळ-लालबागच्या रस्त्यांवर. परळमध्ये गोळी लागून गेलेल्या कमल दोंदे त्यातल्याच.

म्हणजे बघा, बंड कुलाब्याला झालं, झेंडे फाउंटनला फडकले आणि गोळ्या लागल्या परळला. हा क्रम पुढे दहा वर्षांनी जवळपास तसाच परत आला. फरक एवढाच की तेव्हा इंग्रज गेलेले होते.

संयुक्त महाराष्ट्राची मागणी तशी जुनी. १२ मे १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, ठराव झाला. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगापुढे निवेदन देऊन मुंबई महाराष्ट्राचीच कशी, हे मुद्देसूद मांडलं. १९५२ च्या डिसेंबरात पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले, पुढच्या वर्षी आंध्र झाला आणि दिल्लीला राज्य पुनर्रचना आयोग नेमावा लागला. ऑक्टोबर १९५५ मध्ये आयोगाचा अहवाल आला. तेलुगू माणसाला राज्य, कन्नड माणसाला राज्य, मल्याळी माणसाला राज्य. मराठी माणसाला? गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि विदर्भ वेगळा. त्यावर काँग्रेस कार्यकारिणीनं नोव्हेंबरात तोड काढली ती त्रिराज्याची: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर तिसरं.

इथे समोरच्या बाजूचंही म्हणणं नोंदवायला हवं. मुंबईत मराठी भाषकांचा गट सगळ्यात मोठा होता, पण निम्म्याहून कमी होता. व्यापार आणि भांडवल बरंचसं गुजराती, मारवाडी, पारशी हातात होतं. "शहर आम्ही उभं केलं, ते एका भाषेच्या राज्याला का द्यायचं?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण शहर उभं करणं म्हणजे फक्त पैसा लावणं असतं का? साच्यावर कोण उभं होतं, गोदीत पोती कोण उचलत होतं? १९५५ चं भांडण भाषेचं होतंच. पण गिरणगाव त्यात एवढ्या संख्येनं उतरलं ते या दुसऱ्या प्रश्नामुळे.

१८ नोव्हेंबर १९५५ ला पंचाहत्तरीतले सेनापती बापट पुढे आणि विधानसभेवर मोर्चा. अश्रुधूर, लाठ्या. २० तारखेला चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. पाटलांनी पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचं विधान केलं. काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई मिळणार नाही, असं मोरारजींच्या तोंडचं वाक्यही तेव्हापासून सांगितलं जातं. सभा उधळली गेली.

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप. एक लोंढा चर्चगेट स्टेशनकडून आला, दुसरा बोरीबंदरकडून. दोन्ही येऊन भिडले फाउंटनला.

फाउंटनलाच का? कारण तेव्हाची विधानसभा आजच्या नरिमन पॉइंटच्या इमारतीत नव्हती. ती होती रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे आता राज्य पोलीस मुख्यालय आहे. उत्तरेकडून तिकडे जायचं तर फाउंटन ओलांडून, काळ्या घोड्यावरून सरळ खाली उतरायचं. आत त्रिराज्य योजनेवर चर्चा सुरू. पोलिसांनी अडवायचं ठरवलं ते फाउंटनला. नव्वद वर्षांपूर्वी जिथे चर्च गेटचा दरवाजा होता, बरोबर तिथेच आता पोलिसांची रांग होती. दरवाजा पाडला होता, पण बाहेरच्यानं कुठवर यायचं ही रेघ तिथेच राहिली होती.

लाठीमारानं लोक हटेनात. मग गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली.

खरा आगडोंब मात्र पुढे उसळला. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित होणार. त्या रात्रीपासून आठवडाभर शहर पेटलं. गिरगाव, ठाकुरद्वार, लालबाग, परळ. गल्लीच्या तोंडाशी, चाळीच्या दारात माणसं पडली. हुतात्म्यांच्या यादीतली बहुसंख्य नावं या एका आठवड्यातली आहेत. त्यातली बरीचशी माणसं मोर्चातली नव्हती, आपल्याच वस्तीत मेली. म्हणजे हुतात्मा चौकातल्या स्मारकात ज्यांना आपण नमस्कार करतो त्यांच्यातले बहुतेकजण त्या चौकात मेलेलेच नाहीत. चौक त्यांच्या नावानं उभा आहे एवढंच.

ती यादी एकदा सावकाश वाचावी अशी आहे. त्यात पवार, घाडीगावकर आहेत तसे चिमणलाल शेठ आहेत, जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, के. जे. झेवियर आहेत, सय्यद कासम आहेत, मुनीमजी बलदेव पांडे आहेत. हा लढा "मराठी विरुद्ध बाकी सगळे" असा रंगवणाऱ्यांनी ही नावं मोठ्यानं वाचून दाखवावीत. यादीत निपाणीच्या कमलाबाई मोहिते आहेत, बेळगावची माणसं आहेत. बेळगावात आजही १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात. या माणसांनी महाराष्ट्रासाठी जीव दिला आणि त्यांची गावं महाराष्ट्रात आलीच नाहीत. १९६० मध्ये नाही आणि अजूनही नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे, तारखा पडताहेत.

एकूण हुतात्मे किती? कुणी १०५ म्हणतं, कुणी १०६, कुणी १०७. एका राज्याच्या जन्मासाठी मेलेल्या माणसांच्या आकड्यावर सत्तर वर्षांनीही एकवाक्यता नाही. आणि हे असं का, याचं उत्तर पुढच्या परिच्छेदात आहे.

या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही. मागणी झाली होती, जोरात झाली होती. केंद्रातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. मुंबई तोडण्याचा निर्णय हे त्याचं मुख्य कारण होतं, पण गोळीबाराची चौकशी नाकारली गेली हेही त्यांनी संसदेत स्पष्ट बोलून दाखवलं. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर राहिलेला माणूस, आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हे. त्यांचंही कुणी ऐकलं नाही. हुकूम कुणी दिला, किती फैरी झाडल्या, आधी इशारा दिला होता का, चाळीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला गोळी कशी लागली, यातलं काहीच शपथेवर कुणाला विचारलं गेलं नाही. चौक झाला, चौकशी झाली नाही.

पुढचं राजकारण तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार, नानासाहेब गोरे, उद्धवराव पाटील. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका मांडवाखाली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीनं हा विषय वस्तीवस्तीत नेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं त्रिराज्य सोडून विशाल द्वैभाषिक राज्य आणलं. आता गुजरात भडकलं. ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस भवनापाशी पोरांवर गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांच्या मागे महागुजरात आंदोलन उभं राहिलं. तिथेही हुतात्म्यांच्या स्मारकासाठी १९५८ मध्ये वेगळा सत्याग्रह करावा लागला. एकाच राज्याच्या पोलिसांनी दोन भाषांच्या माणसांवर गोळ्या घातल्या. मराठी-गुजराती भांडणाच्या गोष्टी सांगताना हे आपण हमखास विसरतो.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसचं पानिपत केलं. त्या नोव्हेंबरात प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आलेल्या नेहरूंना समितीनं निदर्शनं करून दाखवली. यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीला हळूहळू वस्तुस्थिती पटवली, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

राज्य झालं तसं फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. फ्लोराच्या शेजारी स्मारक उभं राहिलं: हातात मशाल घेतलेले दोघं, एक कामगार आणि एक शेतकरी. मला या स्मारकातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तिथे नेता नाही, घोड्यावरचा सेनापती नाही. आपल्याकडे चौक म्हटलं की कुणाचा तरी पुतळा ठरलेला. इथे बिननावाची दोन कष्टकरी माणसं उभी आहेत.

आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो. त्या दोघांचं पुढे काय झालं?

आधी कामगाराचं बघू. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे सरकारी भाषेत तो अजून "चालू" आहे. गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, मॉल आणि टॉवर उभे राहिले. ज्यानं मुंबई महाराष्ट्राला मिळवून दिली त्याला मुंबईत घर मिळालं नाही. तो डोंबिवलीला गेला, विरारला गेला, नाहीतर कोकणात परतला. त्याची पोरं घरांच्या लॉटरीची वाट बघताहेत. मुंबई महाराष्ट्रात राहिली, तिला ओढून आणणारी माणसं मुंबईत राहिली नाहीत. तेही मराठी मुख्यमंत्री, मराठी महापौर असताना. याचं खापर आपण कुणा परप्रांतीयावर फोडू शकत नाही.

आता शेतकऱ्याचं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी चालत निघाले. सुमारे १८० किलोमीटर. लाल टोप्या, फाटलेल्या चपला, पायाला फोड. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री चालून मारली. मुंबईकरांनी पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या. त्यांना जायचं होतं विधानभवनावर. त्यांना थांबवलं आझाद मैदानात.

आझाद मैदान म्हणजे कोणती जागा? तटाबाहेरचं तेच मैदान, एस्प्लनेड. तोफेच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेल्या त्या पट्ट्याचे जे तुकडे उरले तेच आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांच्या तक्रारीवरून न्यायालयात प्रकरण गेलं आणि दक्षिण मुंबईतले मोर्चे, धरणी आझाद मैदानापुरती मर्यादित झाली. २०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या उपोषणाला परवानगी मिळाली तीही तिथेच, अटी घालून. गर्दी बाहेर सांडली तेव्हा न्यायालयानं रस्ते मोकळे करायला सांगितलं.

न्यायालयाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रुग्णवाहिका अडकते, परीक्षेला निघालेलं पोर अडकतं, रोजंदारीवर जाणाऱ्याचा खाडा होतो. आपल्याकडे चार टाळकी येऊन एसटी स्टँडसमोर रास्ता रोको करतात तेव्हा तुम्ही-मीच वैतागतो. पण दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा. ज्या मोर्चाची आठवण म्हणून सरकार दरवर्षी चौकात फुलं वाहतं, तसाच मोर्चा आज त्याच चौकात येऊ शकत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ची माणसं आज आली असती तर त्यांना आधीच वळवून मैदानात बसवलं असतं, निवेदन घ्यायला एखादा अधिकारी आला असता, संध्याकाळी मैदान रिकामं करा म्हणून सांगितलं असतं. गोळी घातली नसती, हे खरं. ही सुधारणाच आहे आणि ती कमी समजू नये. पण त्यांचं म्हणणं विधानसभेत बसलेल्यांच्या कानापर्यंत गेलं असतं का?

२०१९ मध्ये फ्लोरा फाउंटनची डागडुजी पूर्ण झाली. वर्षानुवर्षं चढवलेले रंगाचे थर खरवडून काढले, मूळ दगड दिसू लागला, कारंजं पुन्हा उडू लागलं. आजूबाजूला खोदताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. ऑक्टोबर २०२५ पासून चौकाच्या पोटातून मेट्रो धावते आणि स्टेशनचं नाव आहे हुतात्मा चौक. आता हजारो लोक रोज ते नाव ऐकतात. कारंज्यावरचे थर काढले तसे या नावावरचेही काढायला हवेत.

आपली भाषणं ऐका. "हुतात्मे झाले", "प्राणार्पण केलं", "रक्त सांडलं". या सगळ्या वाक्यांत मरणारा आहे, मारणारा नाही. जणू माणसं आपणहून येऊन मेली. पत्रकारितेच्या पहिल्या वर्गात शिकवतात की बातमीत कुणी, काय, कधी, कुठे, का हे आलं पाहिजे. सत्तर वर्षं आपण या बातमीतून "कुणी" गाळतो आहोत. समितीतल्या पक्षांचे वारस सत्तेत आले, काँग्रेस होतीच, नंतर शिवसेना-भाजप आले, सगळ्यांनी फुलं वाहिली. "गोळी कुणाच्या हुकमानं सुटली" हे वाक्य कुणालाच नको आहे. कारण ते बोललं की पुढचा प्रश्न येतो: त्यानंतर महाराष्ट्राच्या पोलिसांनी महाराष्ट्रातल्या माणसांवर केलेल्या गोळीबारांचं काय?

माझं म्हणणं साधं आहे. दोषी शोधून शिक्षा द्यायला आता कुणी उरलेलं नाही. पण मेट्रो स्टेशनात एक भिंत मिळू शकते. तिच्यावर सगळी नावं लिहा, प्रत्येकापुढे वय, धंदा आणि कुठे, कोणत्या तारखेला गोळी लागली ते लिहा. लालबाग, परळ, गिरगाव, निपाणी, बेळगाव. सरकारी दप्तरातले त्या दिवसांचे कागद खुले करा आणि आकडा १०५ की १०७ हे एकदाचं ठरवा. पाठ्यपुस्तकात एक वाक्य घाला, की ही माणसं स्वतंत्र भारतात, पोलीस गोळीबारात मेली आणि त्याची न्यायालयीन चौकशी झाली नाही. राज्य यानं लहान होणार नाही.

जाता जाता एक विनंती. त्या काळात आपल्या भागातूनही सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या असतील, कुणी येरवड्याला तर कुणी आणखी कुठे तुरुंगात राहिलं असेल. त्यांच्यातली फार थोडी माणसं आता हयात आहेत. तुमच्या आजोबांनी, आजीनं काही सांगितलेलं आठवत असेल, जुना फोटो, पत्र, समितीची पावती, 'मराठा'चा अंक माळ्यावर पडलेला असेल तर खाली लिहा, फोटो टाका. गाव आणि साल नक्की लिहा. सरकारी भिंत होईल तेव्हा होईल, आपण आपली यादी तर सुरू करू.